टेबल आणि गाइडमधली फट : बँडसॉची गोष्ट

नेहमीप्रमाणे ऐकलेल्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जिथं घसरलो तिथं थोडं सावरून घेतलंय, बाकी बाज तोच ठेवलाय.

माझ्या थोरल्या काकांच्या उजव्या हाताची तर्जनी एकाच पेराची आहे. वरची दोन पेरं नाहीत. लहानपणी आम्हा भावंडांना त्याचं फार अप्रूप वाटायचं. पत्ते पिसताना काका ते आखूड बोट असं काही वापरायचे, की ते मुद्दाम तसं करून घेतलंय असं वाटावं. विचारलं की म्हणायचे, "मशीननं खाल्लं." आणि लगेच पुढचं वाक्य ठरलेलं: "दोष माझाच. लक्ष नव्हतं."

मशीन म्हणजे बँडसॉ. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी लाकडाची वखार होती, तिथं काका तरुणपणापासून कामाला होते. वखारीत याला बँडसॉ म्हणतात, नाहीतर नुसतं 'मशीन'. वनखात्याच्या कागदात याच धंद्याचं नाव आरागिरणी. मागच्या वर्षी मी या यंत्राचा इतिहास वाचायला घेतला तो या बोटामुळंच. आणि वाचता वाचता लक्षात आलं, की काकांचं ते दुसरं वाक्य, "दोष माझाच", हे काकांचं एकट्याचं नाही. ते फार जुनं आहे.

ज्यांनी हे यंत्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन मोठी चाकं, एक वर, एक खाली. त्यांच्यावरून पोलादाची एक अखंड पट्टी फिरते, जुन्या पिठाच्या गिरणीतला पट्टा फिरायचा तशी. पट्टीच्या एका कडेला दात. दोन चाकांच्या मधोमध एक टेबल, त्याच्या खाचेतून पट्टी वरून खाली जाते. तुम्ही लाकूड टेबलावर ठेवता आणि पुढं ढकलता. एवढंच. टेबलाच्या वर एक सरकणारा दांडा असतो, त्याला गाइड म्हणतात. तो पात्याला डगमगू देत नाही आणि त्याच्यासोबत पात्याला झाकणारं कव्हर वरखाली होतं. हा दांडा लक्षात ठेवा. आजचा सगळा भाग त्याच्याभोवती फिरणार आहे.

आता मागं जाऊ. माणूस करवत हजारो वर्षं वापरतोय, पण साध्या करवतीत एक मोठी फुकटची मेहनत आहे. पुढं नेली की कापते, मागं आणताना नुसती येते. मोठा ओंडका चिरायचा तर एक माणूस वर उभा, एक खाली खड्ड्यात, आणि मधे उभी करवत. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया सागवानी जहाजं बांधत होते, त्यातलं 'मिंडेन' १८१० मध्ये पाण्यात उतरलं. त्या जहाजांच्या फळ्या माणसांच्या हातांनीच चिरलेल्या.

त्याच सुमारास, १८०८ मध्ये, लंडनच्या विल्यम न्यूबेरीनं एका यंत्राचं पेटंट घेतलं. कल्पना साधी आणि सुंदर. करवतीला मागं यायलाच लावायचं नाही. तिची दोन्ही टोकं एकमेकांना जोडून टाकायची आणि चाकांवर चढवायची, म्हणजे ती कायम पुढंच जाईल. आजचा बँडसॉ न्यूबेरीला दाखवला तर तो ओळखेल.

पण त्याचं यंत्र चाललं नाही. आणि का चाललं नाही, ही या गोष्टीतली पहिली गंमत. अडचण यंत्रात नव्हती, जोडात होती. चाकावरून जाताना पट्टी वाकते, टेबलापाशी सरळ होते, खालच्या चाकावर पुन्हा वाकते. मिनिटाला शेकडो वेळा. एखादी तार हातानं मागंपुढं वाकवत राहिलं की तुटते ना, तसंच. त्या काळचं पोलाद हे सहन करायचं नाही, आणि जिथं टोकं जोडलेली तिथं तर आधी तुटायचं. म्हणजे कल्पना हाताशी, चाकं हाताशी, आणि सगळं अडलंय दोन टोकांच्या सांध्यापाशी. जवळजवळ चाळीस वर्षं.

तो सांधा सोडवला एका बाईनं. आन पोलीन क्रेपँ. फ्रान्समध्ये १८४६ साली तिनं पात्याची टोकं जोडण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि पुढं त्याचे हक्क पॅरिसच्या पेरँ कंपनीकडे गेले. पेरँनी त्याला चांगल्या पोलादाची जोड दिली आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनापर्यंत बँडसॉ हे दाखवण्यासारखं, विकण्यासारखं यंत्र झालं. यंत्रांच्या इतिहासात क्रेपँच्या वाट्याला बहुधा एकच ओळ येते, तीही पेरँच्या नावाच्या आधी घाईघाईत उरकलेली. मला विचाराल तर न्यूबेरीपेक्षा तिचं नाव आधी घ्यायला हवं. बंद पडलेली कल्पना चालू करणं ही काही कमी गोष्ट नाही.

अमेरिकेत बेंजामिन बार्कर नावाच्या माणसानं १८३६ मध्येच एक पेटंट घेतलं होतं. पण मोठे ओंडके चिरणारी बँडसॉची गिरणी तिथं उभी राहिली ती १८६९ च्या सुमारास, इंडियानातल्या फोर्ट वेनच्या जेकब हॉफमनच्या हातून. आणि मग ती पसरली, कारण हिशेब साधा होता. गोल पातं मोठं असेल तर ताठ राहण्यासाठी ते जाड लागतं. जाड पातं म्हणजे रुंद चीर, आणि चिरेतलं लाकूड म्हणजे भुसा. बँडसॉची पट्टी ताणून धरलेली असल्यामुळं पातळ चालते. भुसा साधारण निम्म्यावर येतो. सागवानाचा भाव माहीत असलेल्या माणसाला यापुढं काही समजावून सांगावं लागत नाही.

आता धोक्याकडे येऊ.

सुरुवातीच्या काळात या यंत्राची भीती होती ती तुटणाऱ्या पात्याची. ताणलेली पट्टी तुटली की ती सुटून बाहेर फेकली जाते. चाकांना झाकणारी कव्हरं आली ती यासाठीच. हा धोका आजही संपलेला नाही, पण तो सहसा आधी कळवून येतो. पात्याला बारीक तडा गेला की दर फेऱ्याला गाइडपाशी एक टिकटिक ऐकू येते. काका सांगतात, वखारीत बाकी कितीही कल्लोळ असला तरी ती टिकटिक कानाला वेगळी लागते. टिकटिक आली की स्विच बंद, आणि मशीनच्या समोरून बाजूला. दोन्ही चाकं पूर्ण थांबेपर्यंत कव्हर उघडायचं नाही. इथं एक गोष्ट नवख्यांना कळत नाही. स्विच बंद म्हणजे मशीन बंद नव्हे. ब्रेक नसलेल्या जुन्या मशीनची जड चाकं कितीतरी वेळ फिरत राहतात, आणि मोटरचा आवाज गेल्यामुळं ती थांबल्यासारखी वाटतात.

पातं तुटायचं कमी झालं तसा दुसरा धोका पुढं आला. बोटांचा. आणि इथं बँडसॉची चांगली बाजूच त्याच्या अंगावर येते.

गोल करवतीच्या टेबलावर काम केलेल्यांना 'किकबॅक' माहीत असेल. मागचे दात लाकूड उचलतात आणि सरळ कामगाराच्या पोटात फेकतात. बँडसॉ तसं करत नाही. त्याचे दात फक्त खाली जातात, लाकडाला टेबलावर दाबून धरतात. आवाज कमी, दणका कमी, वळणदार काम सहज होतं. म्हणून सुतारकामाच्या यंत्रांत हे गरीब समजलं जातं. शाळेतल्या पोरांना आधी यावर शिकवतात. पण खाटकाच्या दुकानात, मांसाच्या मोठ्या कारखान्यांत गोठलेलं मांस आणि हाड कापायला जे यंत्र असतं ना, ते हेच. तेच दोन चाकांचं, तीच पट्टी. सागवान कुठलं आणि हाड कुठलं, हे पात्याला कळत नाही. लाकडाच्या बँडसॉवर पातं मिनिटाला हजार मीटरच्या वेगानं सहज जातं. इंचाला चार दात धरले तर तुमच्या बोटासमोरून सेकंदाला अडीच हजारांहून जास्त दात गेले. "हात मागं घेईन" याला इथं काही अर्थ नाही. आणि हे सगळं इतकं शांतपणे चालतं, की भीती वाटत नाही. गोल करवत घाबरवते, म्हणून माणूस सावध राहतो.

मग कायद्यानं काय केलं?

इंग्लंडमध्ये कारखान्यातल्या यंत्रांना कुंपण घालायची सक्ती १८४४ च्या कायद्यात आली. गिरणीमालकांनी ती मानायला खळखळ केली. त्यांचं म्हणणं, अपघात होतात ते कामगारांच्या हलगर्जीपणामुळं, त्याला आम्ही काय करणार? १८५४-५५ मध्ये चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकात यावर हेन्री मॉर्लीचे लेख आले. कुंपणाला विरोध करणाऱ्या मालकांच्या संघटनेचं तिथं नाव पाडून घेतलं होतं ते 'कामगारांचे लचके तोडणाऱ्यांची संघटना' अशा अर्थाचं. वाद कापडगिरण्यांचा होता, बँडसॉचा नव्हे. पण "दोष माझाच"चं मूळ मला इथं सापडलं. फरक इतकाच, की तेव्हा ते वाक्य मालक म्हणत होते. "दोष त्याचाच."

आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांमुळं हा प्रश्न आला. सोराबजी शापुरजी बंगाली यांनी १८७८ मध्ये कायद्याचा मसुदा केला, नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना उभं केलं, आणि मधे १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर बंदी, धोक्याच्या यंत्रांना कुंपण. पण शंभर माणसांच्या वरच्या कारखान्यालाच लागू. वखारी त्यात कुठून येणार?

लाकूडकामाच्या यंत्रांचे वेगळे नियम ब्रिटननं १९२२ मध्ये केले. पुढं १९४८ च्या आपल्या फॅक्टरी कायद्याखाली राज्यांनी जे नियम केले त्यांत जवळजवळ तीच रचना दिसते. बँडसॉबद्दल त्यात काय आहे, ते माझ्या शब्दांत सांगतो. खालचं चाक दोन्ही बाजूंनी पूर्ण झाका. वरचं चाक समोरून झाका. आणि पात्याचा सगळा भाग झाकलेला पाहिजे, फक्त टेबल आणि वरचा गाइड यांच्यामधला तुकडा सोडून.

हे मी वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. कायदा लिहिणाऱ्याची चूक नाही, तेवढा भाग उघडा ठेवावाच लागणार, नाहीतर कापणार काय? पण ती फट किती मोठी, हे यंत्र ठरवत नाही. गाइडचा दांडा कुठं आवळलाय त्यावर ते ठरतं. दोन इंचाची फळी कापताना गाइड फळीच्या जेमतेम वर, पाच-सहा मिलिमीटरवर आणून ठेवला तर बोट पात्यापर्यंत पोचायला जागाच उरत नाही. तोच गाइड वर फूटभर नेऊन ठेवला तर दहा इंचाचं नागडं पातं डोळ्यांसमोर पळतंय. दोन्ही वेळी मशीन तेच, कव्हरं तीच, तपासणीला आलेल्या साहेबाला दिसणारं चित्रही तेच. फरक फक्त एका आवळपेचाचा.

आणि हा पेच दर मापाला सोडवायचा, दांडा खाली घ्यायचा, पुन्हा आवळायचा. किती वेळ लागतो? अर्धा मिनिट. दिवसात मापं किती बदलतात? काका हसले. म्हणाले, "अरे, घनफुटावर पैसे होते आम्हाला. गाइड कोण खाली घेतो? सकाळी सगळ्यात वर नेऊन ठेवायचा, संध्याकाळपर्यंत बघायचं नाही." मालकानं कधी खाली घ्यायला सांगितलं का, असं विचारलं. "त्यांना माल वेळेत पाहिजे होता. बोलायचे नाहीत. वर का ठेवलाय म्हणून नाहीत आणि खाली घे म्हणूनही नाहीत."

अपघाताची गोष्ट त्यांनी मला या भागासाठी पहिल्यांदा नीट सांगितली. ऐंशीच्या दशकातली. ऑर्डर होती गोल खुंट्यांची. मनगटाएवढ्या जाडीचे दांडे, त्यांचे वीतभर लांबीचे तुकडे करायचे. दांडा आडवा धरून पुढं ढकलायचा. आता गोल लाकूड टेबलाला एकाच रेषेत टेकतं. पातं त्याला पुढच्या अंगाला पकडतं आणि खाली ओढतं, पण खाली आधार नसतो. मग दांडा जागच्या जागी गरकन फिरतो, त्याची वरची बाजू पात्याकडे जाते, आणि वर ठेवलेला हातही तिकडेच जातो. "मी ढकललाच नाही," काका म्हणाले. "हात गेला." लक्ष असतं तरी हात गेलाच असता, हे मी त्यांना म्हटलं. ते थोडा वेळ गप्प बसले.

यावर उपाय माहीत नव्हता असंही नाही. व्ही आकाराची खाच पाडलेला लाकडाचा ठोकळा घ्यायचा, दांडा त्या खाचेत बसवायचा, आणि ठोकळ्यासकट पुढं ढकलायचं. दांडा फिरत नाही. असा ठोकळा त्याच वखारीत, त्याच मशीनवर, टाकाऊ लाकडातून दहा मिनिटांत झाला असता.

पुढचं असं झालं. मालकानं दवाखान्याचं बिल भरलं, दोन महिन्यांचा पगार दिला, आणि काका परत कामावर गेले. घरात सगळ्यांनी मालकाचे आभार मानले. वखारीत सहा माणसं. विजेवर चालणाऱ्या यंत्राच्या जागी दहा माणसं असतील तर १९४८ चा कायदा लागायचा, म्हणजे सहा माणसांच्या वखारीला तो आपोआप लागत नव्हता. पण भरपाईचा १९२३ चा कायदा वेगळा. त्यात माणसं मोजायची गरज नव्हती, विजेचं यंत्र पुरे होतं. त्याच्या जोडपत्रात शरीराच्या तुकड्यांचा तक्ताच होता. अंगठा पूर्ण गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असं धरायचं. तर्जनी पूर्ण, १४ टक्के. तर्जनीची दोन पेरं, ११ टक्के. हा तक्ता वाचताना पोटात कालवतं, पण माझ्या काकांच्या बोटाची कुठंतरी नोंद आहे, हे पाहून बरंही वाटलं. वखारीतल्या कुणीही तो तक्ता कधी पाहिला नव्हता. अर्ज झाला नाही.

आणि समजा झाला असता, तर? त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात मालकाला सुटायच्या वाटा होत्या. माणूस दारू प्यायलेला असेल, सुरक्षेचा स्पष्ट हुकूम त्यानं जाणूनबुजून मोडला असेल, किंवा सुरक्षेसाठी दिलेलं साधन त्यानं मुद्दाम काढलं किंवा दुर्लक्षिलं असेल, तर अशा जखमेची भरपाई नाकारता यायची. आता गाइड वर कुणी नेला होता? काकांनी. "दोष माझाच" हे वाक्य समोरच्या वकिलाला आयतंच मिळालं असतं. एवढंच, की घनफुटाचा दर कुणी ठरवला होता आणि गाइडबद्दल गप्प कोण राहिलं होतं, तेही मग विचारावं लागलं असतं. कारण हुकूम मोडायला आधी हुकूम दिलेला असावा लागतो.

यंत्रानंच ही फट बुजवावी, असे प्रयत्नही झालेत. अमेरिकेत स्टीव्ह गॅस या पदार्थविज्ञान शिकलेल्या वकिलानं १९९९ च्या सुमारास गोल करवतीसाठी युक्ती काढली. त्वचा लागताच विजेचा फरक ओळखून पातं जागीच थांबतं. बोटाच्या जागी सॉसेज लावून तो हे दाखवायचा. मांस कापणाऱ्या बँडसॉसाठी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे अशी यंत्रणा आली, पापणी लवायच्या आत पातं थांबवणारी. आपल्या वखारींत अजून तरी तोच पेच आणि तोच दांडा.

म्हणून, श्रोत्यांपैकी जे बँडसॉवर काम करतात किंवा हौसेनं घरी छोटा घेऊन बसलेत, त्यांच्यासाठी काकांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं. गाइड लाकडाच्या लगेच वर, आणि ही उंची मशीन सुरू करायच्या आधी. हात पात्याच्या रेषेत कधीच नाही, त्याच्या बाजूला. काप संपत आला की अंगठा फळीच्या मागं असतो, तिथं पातं अचानक बाहेर येतं, म्हणून शेवटचा भाग काठीनं ढकलायचा. वळणात पातं अडकलं तर चालू मशीनवर लाकूड मागं ओढायचं नाही, पातं चाकावरून उतरतं. बंद करा, थांबू द्या, मग काढा. हातमोजे पातं गुंडाळताना, बदलताना घाला. चालू मशीनवर नको, दातात धागा अडकला तर मोजा एकटा जात नाही. गोल लाकूड खाचेच्या ठोकळ्याशिवाय नाही. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं.

रेकॉर्डिंग झाल्यावर मी त्यांना तो तक्ता मोबाइलवर दाखवला. चष्मा लावून त्यांनी सगळा वाचला, बोट ठेवून, ओळ ओळ. ११ टक्क्यांपाशी थांबले. म्हणाले, "अंगठ्याला तीस देतात होय?" मग विचारलं, हे मराठीत छापलेलं कुठं मिळेल का. त्यांचा धाकटा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, आता स्वतःची फर्निचरची शेड चालवतो. चार पोरं आहेत त्याच्याकडे. मशीनच्या मागच्या भिंतीवर लावायचाय म्हणाले.